रक्ताभिसरणाच्या आकृतीतील बाण

मी इतिहासाचा शिक्षक आहे. बी.ए., बी.एड. झालो तेही इतिहास आणि मराठी हेच विषय घेऊन. जीवशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला होता. तेव्हा संस्थेच्या स्मरणिकेत मी हृदय आणि रक्तवाहिन्यांवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण आधी सांगून टाकतो. ते मला फारसे भूषणावह नाही.

दोन वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेच्या तोंडावर विज्ञानाचे शिक्षक आजारी पडले आणि आठवीच्या वर्गावर बदली तासासाठी मला पाठविण्यात आले. धडा रक्ताभिसरण संस्थेचा होता. मी पुस्तक पाहून फळ्यावर हृदयाची आकृती काढली, चार कप्पे दाखविले, बाण काढले आणि वही उघडायला सांगितली. मुले खाली माना घालून उतरवून घेऊ लागली. एवढ्यात मधल्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या रानात विहिरीचं पाणी पाटानं जातं आणि वाफ्यात जिरतं. ते काही परत विहिरीत येत नाही. मग हृदयातून अंगात गेलेलं रक्त तिथंच का जिरत नाही? ते परत येतं हे कशावरून?"

वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. मी म्हणालो, "अगं, परीक्षेत एवढं कुणी विचारत नाही. पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क मिळतील." ती बसली. त्या तासाला पुन्हा कुणीच काही विचारले नाही.

तिला गप्प बसविण्याचे खरे कारण एवढेच होते की, मला उत्तर येत नव्हते. पुढे सुटीत चार पुस्तके मिळवून वाचली, तेव्हा लक्षात आले की त्या मुलीने आपल्या रानातील पाटाचे जे वर्णन केले, तेच जगातील मोठमोठ्या वैद्यांचे रक्ताविषयीचे मत होते आणि ते सुमारे चौदाशे वर्षे टिकले. ज्यांनी ते मोडून काढले त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता : कशावरून? त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे राहिले होते, ते या लेखात देत आहे.

ज्यांचे मत एवढा काळ टिकले ते गॅलन. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना हे नाव परके वाटेल. पण 'हकीम जालीनूस' म्हटले की ओळख पटेल. युनानी दवाखान्यात पोटाच्या तक्रारीवर आजही 'जवारिश जालीनूस' मिळते, ते याच नावाचे. गॅलन यांचा जन्म इ. स. १२९ मध्ये पर्गामम येथे झाला. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. पुढे ते रोमला गेले आणि बादशहा मार्कस ऑरेलियसचे वैद्य झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपण खातो त्या अन्नाचे यकृतात रक्त बनते. ते शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते. यकृत पुन्हा नवे रक्त तयार करते. म्हणजे यकृत ही विहीर, शिरा हे पाट आणि अवयव हे वाफे. या रक्तातील थोडा भाग हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतो आणि मधल्या पडद्यातील न दिसणाऱ्या बारीक छिद्रांतून झिरपून डाव्या कप्प्यात जातो. तेथे फुप्फुसातून आलेल्या हवेशी मिसळून तो धमन्यांवाटे शरीरात पसरतो.

आज हे वाचून हसू येईल. पण गॅलन हे हसण्यावारी नेण्याचे गृहस्थ नव्हते. त्यांच्या आधी कित्येक विद्वान धमन्यांमध्ये हवा असते असे मानीत. गॅलन यांनी जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली, मधला भाग कापला आणि आत रक्तच आहे हे दाखवून दिले. मात्र त्यांनी कापाकापी केली ती माकडे, डुकरे अशा प्राण्यांची; माणसाचे शरीर उघडून पाहण्याची मुभा त्या काळच्या रोममध्ये नव्हती. पडद्यातील छिद्रे त्यांना कधी दिसली नाहीत. उजवीकडचे रक्त डावीकडे जाण्यासाठी वाट तर हवी, म्हणून त्यांनी छिद्रे गृहीत धरली. पुढे 'जालीनूसने म्हटले आहे' एवढ्यावर वादच मिटू लागला. बू अली सीना यांच्या 'अल्-कानून' या महाग्रंथातही हृदयाच्या बाबतीत बराचसा गॅलन यांचाच विचार आला, आणि ज्या पुस्तकावर अर्ध्या जगातील वैद्य तयार होत त्यात एकदा ती छिद्रे शिरल्यावर त्यांना धक्का कोण लावणार?

तो धक्का दमास्कसच्या एका माणसाने लावला. अलाउद्दीन अली इब्न अबी अल्-हज्म अल्-कुरशी, म्हणजे आपण ज्यांना इब्ने नफीस म्हणतो ते, १२१०च्या सुमारास दमास्कसच्या परिसरात जन्मले. नूरुद्दीन जंगी यांनी १२व्या शतकात दमास्कसमध्ये बांधलेल्या नूरी बीमारिस्तानात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. नंतर ते कैरोला गेले व पुढे इजिप्तमधील वैद्यांचे प्रमुख झाले. वैद्यक हेच त्यांचे एकमेव क्षेत्र नव्हते; शाफई फिकहचे ते जाणकार होते आणि कैरोच्या मदरशात तो विषय शिकवीत. त्यांच्याविषयी एक गोष्ट जुन्या चरित्रकारांनी नोंदली आहे. एकदा हमामखान्यात आंघोळ करताना ते मध्येच उठून कपडे बदलण्याच्या दालनात आले, कागद-लेखणी मागविली, नाडीवरचा एक निबंध लिहून काढला आणि मग परत जाऊन आंघोळ पुरी केली. आमच्या वसतिगृहातील मुलांनी या गोष्टीचा सोयीस्कर अर्थ काढू नये.

इब्ने नफीस यांनी बू अली सीना यांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर एक शरह, म्हणजे टीका लिहिली. तिच्या एका हस्तलिखितावर १२४२ हे वर्ष येते. म्हणजे तेव्हा लेखकाचे वय तिशीच्या आसपास होते. माझ्याहून थोडे कमीच म्हणायचे. शरह या प्रकाराकडे आपण जरा तुच्छतेने पाहतो. मूळ लेखकाने सांगितलेले पुन्हा सोपे करून सांगणारा ग्रंथ, आजच्या भाषेत गाईड! पण हा असा गाईडकार होता, की त्याने ज्या पुस्तकावर गाईड लिहिले त्याच पुस्तकातील चूक दाखवून दिली. बू अली सीना यांच्याविषयी आदर ठेवून त्यांनी स्वच्छ लिहिले, की हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडदा जाड आणि भरीव आहे. त्यात काहींना वाटते तशी दिसणारी छिद्रे नाहीत आणि गॅलन मानतात तशी न दिसणारीही नाहीत. तेव्हा उजव्या कप्प्यातील रक्त डावीकडे जायचे तर एकच वाट उरते. ते उजवीकडून फुप्फुसात गेले पाहिजे, तेथे हवेशी मिसळले पाहिजे, आणि फुप्फुसातून निघणाऱ्या वाहिनीने हृदयाच्या डाव्या कप्प्यात उतरले पाहिजे.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. फुप्फुसात येणारी वाहिनी आणि फुप्फुसातून निघणारी वाहिनी यांच्यामध्ये सूक्ष्म वाटा असल्या पाहिजेत, असेही त्यांनी म्हटले. हृदयाचे पोषण कप्प्यात साठलेल्या रक्तातून होत नाही, तर हृदयाच्या भित्तिकेत पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होते, हेही त्यांनी बू अली सीना यांच्या मताविरुद्ध नोंदविले. ज्यांच्या घरी कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांना त्या वाहिन्यांचे महत्त्व मी सांगायला नको.

हे त्यांना कळले कसे? ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते स्वतःच म्हणतात, की शरियतची मनाई आणि आपल्या मनातील दयाभाव यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो. तरीही त्यांनी प्राण्यांची हृदये पाहिली असली पाहिजेत, असे काही इतिहासकारांना वाटते. काहींना ते पटत नाही. काहीही असो, युक्तिवाद त्यांचाच आहे. पडदा बंद आहे, रक्त तर पलीकडे पोचते, म्हणजे ते वळसा घालून जात असले पाहिजे. हे समजायला आठवीतल्या मुलालाही अडचण पडू नये. अडचण होती ती जालीनूस चुकले असे म्हणण्याची.

त्यांच्या अखेरच्या आजारात वैद्यांनी औषध म्हणून मद्य घेण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही असे सांगतात. डिसेंबर १२८८ मध्ये कैरो येथे त्यांचे निधन झाले. आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सूरी बीमारिस्तानाला देऊन टाकला होता. हा दवाखाना सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये उभारला होता.

येथे थोडे विषयांतर करतो. मागे एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी मोठ्या आवेशात सांगितले, की रक्ताभिसरणाचा सगळा शोध मुसलमानांनी लावला, इंग्रजांनी तो चोरला आणि आपल्या नावावर खपविला. टाळ्या खूप पडल्या. मीही वाजविल्या, तोवर मी काही वाचलेले नव्हते. आता वाचल्यावर वाटते, की त्या टाळ्यांनी समोर बसलेल्या मुलांचे नुकसानच झाले. इब्ने नफीस यांनी हृदयापासून फुप्फुसापर्यंतचा आणि परतीचा लहान फेरा सांगितला. सबंध शरीरातून फिरून तेच रक्त हृदयाकडे परत येते असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. रक्त यकृतात बनते, हे जुने मत त्यांच्याही लेखनात कायम आहे. जे त्यांनी केले ते इतके मोठे आहे, की त्यात उसनी भर घालण्याची गरजच नाही. उसनी भर घातली की ऐकणारा दुसरा माणूस खऱ्या भागावरही विश्वास ठेवीत नाही, आणि प्रवेशपरीक्षेच्या मुलाखतीत किंवा महाविद्यालयात आपला मुलगा असे काही बोलला तर हसे त्याचे होते, वक्त्याचे नव्हे.

याहून बोचणारी गोष्ट दुसरी आहे. इब्ने नफीस यांचा एक ग्रंथ फार लोकप्रिय झाला. तो म्हणजे 'मूजज-उल्-कानून', बू अली सीना यांच्या ग्रंथाचा संक्षेप. भारतातील युनानी वैद्यकाच्या अभ्यासक्रमातही त्याला मानाचे स्थान मिळाले. पिढ्यान् पिढ्या हकीम तो वाचून तयार झाले. पण या संक्षेपात शरीररचनेचा भाग वगळलेला होता. तेव्हा जे पुस्तक सर्वांच्या हाती होते त्यात शोध नव्हता, आणि ज्यात शोध होता ते पुस्तक फार थोड्यांनी उघडले. नंतरच्या काही टीकाकारांनी त्याची नोंद घेतलेली दिसते. पण तेथून पुढे कुणी गेले नाही. अखेर १९२४ मध्ये मोहिउद्दीन अत्-ततावी या इजिप्शियन विद्यार्थ्याने जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठात डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. त्यासाठी बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचताना हा मजकूर त्याच्या ध्यानात आला. कैरोत राहणारे जर्मन विद्वान माक्स मायरहोफ यांनी पुढे तो जगापुढे मांडला. तोवर सुमारे सात शतके लोटली होती. तेव्हा 'चोरले' म्हणण्यापूर्वी आपण स्वतः ते किती वाचले, हेही पाहायला हवे.

युरोपात ही कल्पना १६व्या शतकात दिसू लागते. मायकेल सर्व्हेटस यांनी १५५३ मध्ये एका धार्मिक ग्रंथात फुप्फुसातून होणाऱ्या या फेऱ्याचे वर्णन केले. त्याच वर्षी त्यांच्या धर्ममतांबद्दल त्यांना जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. १५५९ मध्ये रिआल्डो कोलंबो यांच्या ग्रंथात तो पुन्हा आला. हे इब्ने नफीस यांच्याकडून त्यांच्यापर्यंत पोचले काय? आंद्रेआ अल्पागो नावाचे इटालियन वैद्य बरीच वर्षे दमास्कसमध्ये राहिले होते आणि त्यांनी इब्ने नफीस यांच्या लेखनातील काही भाग लॅटिनमध्ये आणला. तो १५४७ मध्ये व्हेनिसला छापला गेला. पण छापलेल्या भागात औषधांची चर्चा आहे, फुप्फुसाचा मजकूर नाही. म्हणून ठाम पुरावा नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

आता मोठ्या फेऱ्याकडे वळू. त्याचा मान विल्यम हार्वे यांचा. १५७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले हार्वे शिकायला इटलीतील पादुआला गेले आणि १६०२ मध्ये तेथून पदवी घेऊन परतले. तेथे त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधील झडपांचा बारकाईने अभ्यास केला होता. १६०३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही छापले. गंमत अशी, की झडपा गुरूंनी पाहिल्या, पण त्या कशासाठी आहेत ते गुरूंना नीट उमगले नाही. रक्त खाली हातापायांत एकदम साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करणाऱ्या त्या आड आहेत, असे त्यांना वाटले. शिष्याने पाहिले, की या दरवाजांची उघडझाप एकाच दिशेने होते, आणि ती दिशा हृदयाकडची आहे.

हार्वे यांनी बेडूक, साप, मासे अशा प्राण्यांची हृदये तपासली, कारण त्यांचे ठोके संथ असतात आणि हालचाल डोळ्यांना दिसते. पण माझ्या मते त्यांच्या ग्रंथाचे खरे बळ एका साध्या गुणाकारात आहे, आणि तोच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यांनी धरून चालले, की एका ठोक्याला हृदयातून फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हृदयाचे एक हजार ठोके पडतात. दोन्ही आकडे त्यांनी मुद्दामच कमी धरले. तरीही अर्ध्या तासात ५०० औंस रक्त झाले, म्हणजे आजच्या मापाने १४-१५ लिटर. एवढे रक्त सबंध शरीरातही नसते! मग अर्ध्या तासात एवढे रक्त यकृताने कोणत्या अन्नातून बनविले? आणि बनविले असलेच, तर ते सगळे अवयवांत जिरून शरीर फुगून फुटत कसे नाही? याचा अर्थ तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरते आहे.

मुलांनो, हा हिशेब आजच्या आकड्यांनी तुम्ही स्वतः करून पाहा. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाच्या हृदयातून एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर झाले. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे पाच लिटरच असते. म्हणजे दर मिनिटाला सगळे रक्त एक फेरी मारून येते. दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर जातात आणि दिवसभरात ७,००० लिटरहून अधिक रक्त पुढे ढकलले जाते.  पाणी जिरते, कारण विहिरीला खालून झरा आहे आणि वाफ्याची तहान मोठी आहे. रक्ताचे तसे नाही.

दुसरा पुरावा हार्वे यांनी फस्द खोलणाऱ्यांकडून घेतला. त्या काळी युरोपातही आपल्याकडच्या फस्दीप्रमाणे शीर कापून रक्त काढीत आणि त्यासाठी दंडाला पट्टी बांधीत. हार्वे म्हणाले, पट्टी कापण्याच्या जागेच्या वर का बांधता? शिरांतून रक्त हृदयाकडून बोटांकडे जात असेल, तर वर पट्टी बांधल्यावर खाली रक्त येणारच नाही. पट्टी खाली बांधायला हवी होती. पण शीर फुगते ती पट्टीच्या खाली. आज रक्त तपासणीला गेलात तर लॅबमधील माणूस सुई टोचायच्या जागेच्या वर रबरी पट्टा आवळतो, ते पाहून घ्या. हार्वे यांनी आणखी एक फरक दाखविला. पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात फिका व थंड होतो, कारण खोलवरच्या धमन्याही दाबल्या जातात. ती किंचित सैल केली की नाडी परत येते आणि शिरा तट्ट फुगतात, कारण धमनीतून रक्त आत येते पण वरच्या वर असलेल्या शिरेतून बाहेर पडू शकत नाही. म्हणजे धमनीतून आलेलेच रक्त शिरेतून परत निघाले होते. (हा पट्टी आवळण्याचा प्रयोग मुलांनी घरी करू नये. आजोबांच्या हातावरील फुगलेली शीर बोटाने हळूच दाबून, दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे परत ढकलता येते का, एवढे पाहिले तरी झडपेची कल्पना येते.)

हा सारा विचार हार्वे यांनी १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ७२ पानांच्या लहानशा लॅटिन पुस्तकात छापला. ते इंग्लंडच्या राजाचे वैद्य होते. तरी पुस्तक आल्यावर त्यांच्याकडे येणारे रुग्ण घटले, असे त्यांच्या ओळखीच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. जालीनूस चुकले म्हणणारा माणूस लोकांना डोके फिरलेला वाटला.

एक दुवा मात्र हार्वे यांनाही दिसला नव्हता. धमन्यांतून रक्त शिरांत नेमके जाते कसे? वाटा असल्या पाहिजेत एवढे त्यांनी तर्काने म्हटले, जसे चार शतकांपूर्वी इब्ने नफीस यांनी फुप्फुसाबद्दल म्हटले होते. १६५७ मध्ये हार्वे वारले. पुढे चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मार्सेलो माल्पिघी यांनी बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे प्रथमच पाहिले. त्याच आपल्या पुस्तकातील केशवाहिन्या. कैरोत तर्काने सांगितलेली गोष्ट भिंगातून दिसली ती तब्बल ४१९ वर्षांनी, आणि पाहणाऱ्याला सांगणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते!

आता परीक्षेचे बोलतो, कारण पालक मला शेवटी तेच विचारणार.

'दुहेरी रक्ताभिसरण स्पष्ट करा' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मुले आठ-दहा नावे क्रमाने पाठ करतात आणि एक नाव निसटले की पुढची सगळी गाडी रुळावरून घसरते. त्याऐवजी दोन फेरे वेगळे करून लक्षात ठेवावेत. लहान फेरा इब्ने नफीस यांचा : उजवे निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुस, फुप्फुस शिरा, डावे अलिंद. मोठा फेरा हार्वे यांचा : डावे निलय, महाधमनी, सर्व शरीर, महाशिरा, उजवे अलिंद. दोन्ही फेऱ्यांत धमनी आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या माल्पिघी यांच्या. (माझ्या वडिलांच्या पिढीने धमनीला रोहिणी, शिरेला नीला, अलिंदाला कर्णिका आणि निलयाला जवनिका म्हणून हेच पाठ केले होते. मुलाचा अभ्यास घेताना घरात या नावांवरून वाद झाला तर दोघेही बरोबर आहेत असे समजावे.)

सर्वांत जास्त मुले चुकतात ती फुप्फुस धमनीत. 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' असे कुठेतरी ऐकलेले असते, आणि फुप्फुस धमनीत तर ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते. यात मुलांचा फार दोष नाही. हा गोंधळ फार जुना आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना शिर्यान म्हणजे धमनी आणि वरीद म्हणजे शिरा हे शब्द माहीत आहेत. जुने अरबी ग्रंथ फुप्फुस धमनीला 'वरीद शिर्यानी', म्हणजे धमनीसारखी शिरा म्हणत, आणि फुप्फुस शिरेला 'शिर्यान वरीदी', म्हणजे शिरेसारखी धमनी. भित्तिका जाड, पण बाजू उजवी, मग हिला म्हणायचे तरी काय, असा तो पेच होता. हार्वे यांच्यानंतर तो सुटला. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. आत कोणते रक्त आहे याच्याशी नावाचा संबंध नाही. एवढे समजले की 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचे निम्मे काम झाले.

'शास्त्रीय कारणे लिहा' यात डाव्या निलयाची भित्तिका जाड का, हे हमखास विचारतात. लहान फेरा शेजारच्या फुप्फुसापर्यंतचा आणि मोठा फेरा डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा, हे डोळ्यांपुढे आणले की कारण आपोआप सुचते. आकडा हवा असेल तर आकुंचनाच्या वेळी डाव्या निलयातील दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर असतो आणि उजव्यातील सुमारे २५. आकृतीत उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते, कारण हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. हे न सांगता आकृती उतरवून घ्यायला लावणारे शिक्षक असतात. त्या बदली तासाला मीही त्यांतलाच होतो. बारावीला आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला तपशील पुष्कळ वाढतो, पण पाया हाच राहतो.

एका शंकेचा खुलासा पालकांसाठी. कुणा नवजात बाळाच्या 'हृदयाला छिद्र आहे' असे डॉक्टर सांगतात, तेव्हा गॅलन यांचेच खरे होते असे नव्हे. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे श्वास घेत नसतात, म्हणून त्याच्या दोन अलिंदांमध्ये एक वाट उघडी असते आणि जन्मानंतर ती मिटते. ती मिटली नाही, किंवा पडदा मुळातच अपुरा बनला, तर तो दोष ठरतो. त्यावर आज उपचार आहेत.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात मधल्या सुटीत मी तिला बोलावून हार्वे यांचा हिशेब सांगितला. तिने वहीच्या मागच्या पानावर ७० गुणिले ७२ करून पाहिले, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि विचारले, "पण सर, केशवाहिन्यांपर्यंत येता येता हृदयाचा जोर संपत असेल ना? मग पायातलं रक्त वर कोण चढवतं?"

या खेपेला मी तिला विज्ञानाच्या सरांकडे घेऊन गेलो आणि तिच्या शेजारी बसून मीही ऐकले. हृदयाचा थोडा जोर उरतो, श्वास घेताना छातीत होणारी ओढ थोडी मदत करते, आणि मोठे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की शिरा पिळल्या जातात आणि फॅब्रिशियस यांच्या त्या झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी फार वेळ एकाच जागी ताठ उभी राहिलेली मुले कधीकधी चक्कर येऊन पडतात, त्याचे एक कारण हेही असते. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे रांगेत पाय हलवले तर चालतील ना, सर?" विज्ञानाचे सर माझ्याकडे पाहू लागले, कारण रांगेत पाय हलविणाऱ्यांना बाहेर काढण्याचे काम आमच्या शाळेत माझ्याकडे आहे.